ढग तिथेच आहेत, घारी गेल्या

आटपाडीकडच्या आमच्या मामांचं ठाम मत आहे, की पवनचक्क्या आल्या आणि पाऊस गेला. ‘एवढाले पंखे डोंगरावर लावल्यावर ढग थांबतील कशाला?’ 2000 नंतरच्या दुष्काळी वर्षांत सांगली-साताऱ्यात हे गावोगावी ऐकू यायचं, आणि अजूनही पाऊस लांबला की कुणीतरी ते काढतंच.

घोटाळा ‘पंखा’ या शब्दात आहे. घरातला पंखा वीज खाऊन वारा देतो, पवनचक्की वारा खाऊन वीज देते. ती काही ढकलत नाही. उलट पात्यांमागचा वारा मंदावतो. तो सगळा शोषताही येत नाही, कारण पात्यांमागे हवा पूर्ण थांबली तर मागून येणाऱ्या हवेला जागाच उरणार नाही. म्हणून वाऱ्यातली फार तर 59 टक्के ऊर्जा काढता येते. बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवलेली ही मर्यादा आजही कुणी ओलांडलेली नाही. शिवाय हा सगळा खेळ जमिनीलगतच्या शंभर-दीडशे मीटरांतला, आणि मोसमी वाऱ्यांचा थर काही किलोमीटर जाडीचा. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ कोरडे राहतात ते सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे. घाट चढताना हवा पाऊस टाकून मोकळी होते आणि पलीकडे उतरताना तापते. 72 च्या दुष्काळातल्या सुकडीची चव मामा अजून रंगवून सांगतात. तेव्हा त्या डोंगरांवर एक तरी पवनचक्की होती का, असं विचारलं की मात्र चहा मागवतात.

पण तक्रार चुकीच्या पत्त्यावर गेली म्हणून पवनचक्की निर्दोष ठरत नाही. खरी गोष्ट ढगांत नाही, पायाखालच्या कातळावर आहे.

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, लागतो. पावसाळ्यात इथे धुकं पात्यांमधून आरपार जातं. उन्हाळ्यात मात्र जांभा दगड तापून निघतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये दगडादगडावर एक सरडा उभा दिसतो. नराच्या गळ्याखाली कातडीची घडी असते. तो ती पंख्यासारखी उघडतो आणि निळा, काळा, नारिंगी रंग क्षणभर चमकवून मिटतो. मादीला बोलवायचं आणि शेजारच्या नराला दटावायचं काम या एकाच पंख्यावर. शास्त्रीय नाव सारडा सुपर्बा. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीगटाला नाव दिलं ते आपल्या ‘सरडा’वरूनच, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सड्यावर तुलना केली: पवनचक्क्यांखालची जागा आणि जवळचीच, तशीच, पण पवनचक्क्या नसलेली जागा. 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांपासून दूर शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. पात्यांखाली कापशी घारीसारखे पक्षी फिरकतही कमी होते आणि झडपही कमी घालत होते.

मग सरड्यांची चैनच की! संख्येने ते वाढलेच. माणूस जवळ गेला तरी लवकर पळेनात, आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक कमी निघालं.

या संप्रेरकापाशी मला जरा रेंगाळायचंय. घारीची सावली पडली की मेंदूतलं हायपोथॅलॅमस पीयूष ग्रंथीला निरोप देतं, ती अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीला, आणि काही मिनिटांत कॉर्टिकोस्टेरॉन रक्तात चढतं. साठवलेली ऊर्जा मोकळी होते, पचन-प्रजननाची कामं मागे पडतात, पळायची तयारी होते. हातात धरलेला सरडाही घाबरतोच, त्यामुळे मूळचा आकडा हवा असेल तर रक्त झटपट घ्यावं लागतं. उशीर झाला तर आपण घारीची नव्हे, आपलीच भीती मोजतो.

आता भीती कमी म्हणजे सरडा गुटगुटीत हवा. झालं उलटं. पात्यांखालचे सरडे लांबीच्या मानाने हडकुळे होते आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके. तोंडं वाढली, किडे तेवढेच. नारिंगी रंगाला लागणारं कॅरोटिनॉइड हे रंगद्रव्य शरीर स्वतः बनवत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. पंगतीत गर्दी झाली की ते प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार. घारीचं भय गेलं आणि शेजाऱ्याशी स्पर्धा आली.

संशोधकांनी याचा लावलेला अर्थ मला फार आवडतो. पवनचक्की कुणाला खात नाही, तरी अन्नसाखळीत ती घारीच्याही वरच्या पायरीवर जाऊन बसते. आपण पात्याखाली मेलेले पक्षी मोजतो. ते मोजायलाच हवेत, कारण वीस मीटरचं पातं मिनिटाला तीस फेरे घेत असेल तर त्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरने जातं, आणि पक्ष्याला ते नुसतं धुरकट दिसत असावं. नॉर्वेत स्मोला बेटावर तीनपैकी एकच पातं काळं रंगवून पाहिलं, तर मरणारे पक्षी सुमारे 70 टक्क्यांनी घटले. पण जो पक्षी मेला नाही, नुसताच यायचा बंद झाला, त्याचा हिशेब कुठल्या वहीत?

उद्या कुणी ‘पवनचक्क्या नकोत, कोळसाच बरा’ म्हणून हा अभ्यास फिरवेल. तो बिनडोकपणा आहे. कोळशाने होणारं नुकसान याच्या कैक पट मोठं आहे. आणि ‘हरित’ हा शिक्का मारला की पुढचे प्रश्न बंद, हीही अंधश्रद्धाच, फक्त इंग्रजी शाळेत शिकलेली.

मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘सरडे वाढले तर आमचं काय गेलं? आमच्या जमिनी एजंटांनी मातीमोल भावात घेतल्या त्याचं बोल.’ तेही खरंच. टॉवरचा खड्डा, त्याच्यापर्यंतचा रस्ता, तारांचे खांब हे सगळं त्याच सड्यावर उतरतं, जिथे गावची गुरं चरतात.

पण दोन्ही तक्रारी एकाच जागी अडतात. मोठ्या प्रकल्पाला आधी पर्यावरणीय मंजुरी लागते, त्यासाठी अभ्यास आणि बऱ्याचदा जनसुनावणीही होते. कशाकशाला ही मंजुरी लागते याची यादी 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे. त्या यादीत पवनऊर्जा नाहीच. त्यामुळे टॉवर उभा राहण्याआधी सड्यावर किती घारी होत्या हे तपासायची त्या नियमाने सक्ती नाही, आणि मामांना बोलायला माइकही नाही.