मोहिमा थांबल्या, तेव्हा पुण्याला निवांत हिवाळा मिळाला

कोजागरीचं आटीव दूध, पहाटेची पर्वती, उन्हात पाठ शेकत वाचलेला दिवाळी अंक, डिसेंबरातला सवाई गंधर्व संगीत महोत्सव. पुण्याच्या थंडीचा विषय निघाला की हीच यादी येते, आणि शहर पहिल्यापासून दिवाळीनंतर असंच सैलावत आलंय असं आपण धरून चालतो. इतिहास उलटा आहे. अठराव्या शतकात पुण्याची सगळ्यात मोठी धावपळ सुरू व्हायची ती याच दिवसांत.

पावसाळ्यात नद्यांना उतार नसे, वाटा चिखलात बुडत, तेव्हा फौजा छावणीला येत. दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत नद्या उतरलेल्या असत, रानात चारा मुबलक असे. तिथून पुढचा पाऊस तोंडावर येईपर्यंत मुलुखगिरी. थोरल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळला कोंडलं ते 1737च्या डिसेंबरात. भाऊसाहेबांची फौज पानिपतावर अडकून पडली ती 1760च्या हिवाळ्यात, आणि 14 जानेवारी 1761ला सगळं संपलं. ज्या घरांतली माणसं तिकडे होती, त्यांच्यासाठी ते थंडीचे महिने म्हणजे कासिदाची वाट बघणं होतं. निवांतपणा असलाच तर तो चातुर्मासातला.

पेशवाई बुडाली तीही ह्याच ऋतूत. खडकीची लढाई 5 नोव्हेंबर 1817ची, आणि 17 तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढच्या वर्षी दसरा आला, सोनं लुटलं गेलं, पण पुण्याहून निघायला मोहीमच उरली नव्हती. पुण्याच्या निवांत हिवाळ्याची सुरुवात मी इथून धरतो. ती सुखाची नव्हती; शिलेदारांपासून कारकुनांपर्यंत कितीतरी जणांचा पोटाचा उद्योग गेला होता. आज ज्या सैलपणाचं आपण कौतुक करतो त्याच्या मुळाशी हे रिकामपण आहे, आणि ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजी अमलात वर्षाची घडीही बदलली. मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवी. गणेशखिंडीतला त्याचा वाडा म्हणजेच आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. मेजवान्या, शर्यती, वर्दळ सगळी पावसात. पाऊस सरला की लवाजमा माघारी. घोड्यांच्या शर्यतींचा पुण्यातला हंगाम आजही पावसाळ्याचा आणि मुंबईतला हिवाळ्याचा आहे, तो त्याच घडीचा उरलेला भाग.

या सगळ्याच्या आधीपासून एक गोष्ट चालत आली होती, ती म्हणजे कार्तिक. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला. त्या सोहळ्यासाठी वारकरी अजूनही थंडीत चालत आळंदीला जातात. पेठांमधल्या देवळांत कोजागरीपासून महिनाभर काकडा चालतो. अंधारातच टाळ वाजायला लागतात, अभंग होतात, वातीच्या उजेडात आरती होते आणि उजाडायच्या आत हातावर लोणीसाखरेचा प्रसाद पडतो. त्रिपुरारी पौर्णिमेला ओंकारेश्वराच्या आवारात पणत्या लागतात. लष्कर घरी असो की हजार मैलांवर, हे कुणाच्या हुकमाची वाट बघत नव्हतं. हिवाळ्यात पहाटे उठण्यातली गोडी पुण्याला लागली ती काकड्याने, असं मला वाटतं. टेकडीवर फिरायला जाणं फार नंतरचं. सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीला, 1784 सालच्या त्या देवळात, थंडी वाढली की स्वेटर आणि कानटोपी चढवतात, तेही या जिव्हाळ्यातलंच.

वाड्यांमध्ये थंडीचा सगळा कारभार बंबाभोवती असे. तांब्याचा उभा बंब, मधून गेलेली नळी, खाली जाळी. वरून ढलप्या नाहीतर गोवऱ्या टाकायच्या, धूर डोळ्यांत जायचा, आणि पाणी कढत झालं की पितळी तोटीखाली बादली. जितकं गरम काढायचं तितकं गार वरून ओतायचं, नाहीतर बंब कोरडा पडून झाळ उडे. राखेने भांडी घासली जात. घरातल्या सगळ्यांची अंघोळ आटपायची तर पाळी लावावी लागे, आणि त्या ताटकळण्यातच उन्हाच्या तुकड्यात गप्पा होत. पानशेतच्या पुराने 12 जुलै 1961ला नदीकाठचे कितीतरी वाडे नेले, पुढे उरलेल्यांच्या जागी इमारती आल्या, बंब मोडीत गेले.

वाचनाची जोड नंतरची. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांना हिवाळाभर पुरेल अशी शिदोरी मिळाली. वाचनालयातून एकेक अंक बदलत संक्रांतीपर्यंत वाचायचा ही पुण्याची आवडती रीत.

हुरडा शहराचा नाहीच, तो शिरूर-दौंड-इंदापूरकडच्या ज्वारीच्या रानातला. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्या रब्बी ज्वारीचं कणीस डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या दाण्यांनी भरतं. आगटीत, म्हणजे जमिनीतल्या छोट्या खड्ड्यात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ते भाजायचं, हात पोळत असतानाच तळव्यांत चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. हिरवट, गोडसर, दुधाळ दाणे. सोबत लसणीची चटणी आणि गूळ. गुळभेंडी असेल तर दुसरी ज्वारी नको. हे फार थोडे दिवस टिकतं, दाणा कडक झाला की संपलं. शेतकऱ्याच्या घरी आल्यागेल्याला प्रेमाने खाऊ घालायची ही गोष्ट आता तिकीट लावून मिळते. तक्रार नाही, शेताला चार पैसे मिळतात. पण आगटीशी स्वतः बसावं, ताटात आयता घेऊ नये.

आणि सवाई. गायक सवाई गंधर्व, भीमसेन जोशींचे गुरू, 1952 साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेनांनी 1953 पासून हा महोत्सव उभा केला. कितीतरी वर्षं तो रात्रभर चाले. शाली, कानटोप्या, थर्मासमधला चहा, मांडवात भारतीय बैठक, आणि गाणं रात्रीच्या रागांवरून सरकत पहाटेला ललत-तोडीपर्यंत पोचायचं. राग ज्या प्रहराचा त्याच प्रहराला, अंगावर थंडी घेत ऐकणं, हे त्या रात्रींचं खरं देणं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि रात्रीची मर्यादा पडली. नियमामागचं कारण पटतं, तरी गाण्याने मागे सोडलेल्या त्या प्रहरांची हळहळ आहेच.

आता थंडीही पूर्वीइतकी सगळीकडे सारखी वाट्याला येत नाही. पुणं सुमारे 560 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या आडोशाला. मोसमी वारे माघारी गेले की आभाळ मोकळं होतं, हवा कोरडी होते आणि दिवसाची ऊब रात्री झरझर निघून जाते. हवामान खात्याचं मुख्य ऑफिस 1928 साली सिमल्याहून शिवाजीनगरला आलं. पुण्यातला नीचांक त्यानंतर सातच वर्षांनी, 17 जानेवारी 1935ला नोंदला गेला: 1.7 अंश सेल्सिअस. आज एकाच रात्री पाषाण आणि एनडीएकडचा पारा घसरलेला असतो, तर मगरपट्ट्यात तो कितीतरी वर. सिमेंट आणि डांबर दिवसभराची ऊब धरून ठेवतात. माती, झाडं आणि पाणी उरलंय तिथे गारठा उतरतो. म्हणून वेताळ टेकडीवरून रस्ता न्यायची गोष्ट निघाली की लोक हट्टाने उभे राहतात, आणि मीही त्यांच्यातलाच एक आहे.