वेस स्टुडी यांचे मानद ऑस्कर आणि 'पहिले' या शब्दाची पार्श्वभूमी

२७ ऑक्टोबर २०१९ रोजी वेस स्टुडी यांना मानद ऑस्कर देण्यात आले, तेव्हा बहुतेक बातम्यांनी 'हा पुरस्कार मिळवणारे पहिले मूलनिवासी अमेरिकी अभिनेते' असे त्यांचे वर्णन केले. मूलनिवासी या शब्दाला आपल्याकडे वेगळा राजकीय अर्थ चिकटला आहे. तरीही जुन्या 'रेड इंडियन'पेक्षा तो बरा, म्हणून येथे तोच वापरला आहे. खरा गुंता आहे तो 'पहिले' या शब्दात.

१९८३ मध्ये सर्वोत्तम गीताचे ऑस्कर मिळवणाऱ्यांत एक गायिका-गीतकार होती आणि नंतरची चाळीस वर्षे तीच मूलनिवासींमधील पहिली ऑस्कर विजेती मानली जात होती; त्यामुळे स्टुडी यांच्या बाबतीत 'अभिनेते' ही अट जोडणे भागच होते. २०२३ मध्ये एका कॅनेडियन वाहिनीने तिच्या जन्माच्या नोंदी पुढे आणून तिच्या वंशाविषयीच शंका घेतली. तिने ती फेटाळली, पण पहिलेपणाचा हिशेब पुन्हा उघडला गेला.

'अमेरिकी' ही अटही तितकीच ठिसूळ आहे. सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी १९७१ आणि १९९१ मध्ये दोन मूलनिवासी अभिनेत्यांना नामांकन मिळाले होते, मात्र दोघेही कॅनडाचे असल्याने या मोजणीत ते बसत नाहीत. त्यांतील दुसरा अभिनेता ओनायडा समाजाचा होता, आणि ओनायडांची मूळ भूमी आजच्या न्यूयॉर्क राज्यात आहे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धानंतर त्यांच्यातील काही जण उत्तरेकडे गेले. ज्या सीमेच्या आखणीत या समाजांना कोणी विचारले नव्हते, त्याच सीमेवरून त्यांच्यातला पहिला कोण हे ठरावे, हे विचित्रच म्हणायचे. शिवाय मानद पुरस्कार कारकिर्दीसाठी असतो. स्पर्धेच्या विभागात स्टुडी यांना एकदाही नामांकन मिळालेले नव्हते, ही गोष्ट अभिनंदनाच्या गर्दीत मागे पडली.

ओक्लाहोमात १९४७ मध्ये जन्मलेल्या स्टुडी यांची मातृभाषा चेरोकी. इंग्रजी ते शाळेत शिकले. व्हिएतनाम युद्धात सैनिक म्हणून गेलेला हा माणूस १९७३ मध्ये वुंडेड नी येथील ७१ दिवसांच्या मूलनिवासी आंदोलनात सरकारविरुद्ध उभा होता. चित्रपटांकडे ते चाळिशीच्या सुमारास वळले.

'डान्सेस विथ वूल्व्हज' (१९९०) मध्ये ते पॉनी समाजाचे क्रूर योद्धा होते आणि श्रेयनामावलीत त्या पात्राला नावसुद्धा नव्हते. 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१९९२) मधला त्यांचा ह्युरॉन समाजाचा मॅगुआ कथेचा खलनायक असूनही आपल्या सूडाचे कारण प्रेक्षकांना पटवून देतो, आणि आमच्या मते त्यांचे सर्वोत्तम काम तेच आहे. पुढच्याच वर्षी जेरोनिमो या अपाची नायकाची भूमिका त्यांच्याकडे आली. चेरोकी नटाने कधी पॉनी, कधी ह्युरॉन, कधी अपाची व्हायचे, ही हॉलिवूडची रीत त्यांच्या वाट्याला आली. आधीच्या पिढ्यांत अशा भूमिका सर्रास गोऱ्या नटांना रंग फासून दिल्या जात, हेही खरे.

दूरचित्रवाणीवर २००२ पासून त्यांनी नव्हाहो पोलीस अधिकारी जो लीपहॉर्न साकारला. पुरस्कारानंतर, २०२१ ते २०२३ या काळात, 'रिझर्व्हेशन डॉग्ज' या मालिकेत ते बकी नावाचा, भंगारातून शिल्पे घडवणारा म्हातारा झाले. या मालिकेचे लेखक आणि दिग्दर्शक मूलनिवासी होते आणि चित्रीकरण त्यांच्याच ओक्लाहोमात झाले.