कॉफी, सिगारेट आणि गाळणी

1511 साली मक्केत कॉफीवर चक्क सुनावणी झाली. खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याला मशिदीजवळ रात्री कॉफी पीत बसलेली मंडळी दिसली आणि त्याने धर्मपंडितांना नि वैद्यांना बोलावून घेतलं. ही प्रकृतीने थंड आणि कोरडी, म्हणून अपायकारक, अशी साक्ष वैद्यांनी दिली. बंदी आली, बियांची होळी झाली. मक्का तेव्हा कैरोच्या सुलतानाच्या अमलाखाली होती; थोड्याच काळात त्याच्याकडून बंदी सैल झाली, कारण तिथे सगळेच कॉफी पीत होते. आपल्याकडच्या आज्या मात्र 'कॉफी उष्ण पडते' म्हणून उन्हाळ्यात मुलांच्या हातातून कप काढून घेत. थंड म्हणा की उष्ण, कॉफीवर संशय आहेच.

या संशयाला रसायनशास्त्राचा आधार 1819 मध्ये मिळाला. शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचल्याची गोष्ट आपण ज्याच्याबद्दल सांगतो, त्या जर्मन कवी गटेने फ्रीडलीब रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कॉफीच्या बिया दिल्या आणि यात काय आहे ते शोध म्हणाला. रुंगेने कॅफिन वेगळं काढलं. तोवर 'कॉफी' बदनाम होती, आता बदनाम करायला नेमका पदार्थ सापडला. त्याचा फायदा अमेरिकेत सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी पुरेपूर उठवला. 1895 मध्ये त्यांनी गहू, कोंडा आणि काकवी भाजून 'पोस्टम' हे पेय काढलं आणि कॉफीने नसा बिघडतात असं जाहिरातींतून लोकांच्या मनात भरवलं. आपला माल खपवायला दुसऱ्याच्या मालाची भीती घालायची, ही युक्ती जुनीच.

खरी गंमत पुढे आहे. विसाव्या शतकात डॉक्टरांनी आकडे मांडायला घेतले, तेव्हा कॉफी पिणाऱ्यांत हृदयरोग जास्त दिसू लागला. पण त्या काळात भरपूर कॉफी पिणारा माणूस बहुधा सिगारेटही ओढायचा. एका हातात कप, दुसऱ्यात सिगारेट. सिगारेटचा हिशेब नीट वजा न केल्यामुळे तिचं पाप बऱ्याच अभ्यासांत कॉफीच्या खात्यावर चढलं.

सर्वात गाजलेली चूक मात्र वेगळ्याच जातीची होती. मार्च 1981 मध्ये हार्वर्डचे ब्रायन मॅकमहोन आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या 369 रुग्णांची तुलना इतर 644 रुग्णांशी केली. दिवसाला तीन किंवा जास्त कप पिणाऱ्यांत धोका जवळजवळ पावणेतीन पट निघाला. अमेरिकेत हाहाकार उडाला. मग कुणीतरी विचारलं, तुलनेसाठी घेतलेले ते 644 जण कोण? त्यांतले बरेचसे कर्करोगाच्या रुग्णांच्याच डॉक्टरांकडे येणारे पोटाच्या विकाराचे रुग्ण निघाले. पोट दुखतं म्हणून कॉफी आधीच कमी केलेली किंवा बंदच केलेली माणसं! त्यांच्या शेजारी कुणालाही बसवलं तरी तो कॉफीबाज दिसणार. पुढच्या अभ्यासांत हा धोका टिकला नाही आणि 1986 मध्ये त्याच गटाने आपला निष्कर्ष बराचसा मागे घेतला. पहिली बातमी जगभर पोचली, दुसरी फारशी कुणी वाचली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचंही थोडं तसंच झालं. 1991 मध्ये तिने मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात कॉफीला 'कर्करोगकारक असू शकते' या यादीत घातलं. 2016 मध्ये हजाराहून जास्त अभ्यास चाळून नाव काढून घेतलं. त्याच वेळी 65 अंश सेल्सिअसपेक्षा गरम कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असं जाहीर केलं. म्हणजे दोष कॉफीचा नाही, चटका बसेल इतकी गरम पिण्याचा. फुर्र करून उकळता चहा पिणाऱ्यांनाही हे लागू आहे.

एक आरोप मात्र खरा ठरला. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरातल्या पाहणीत, 1983 मध्ये, जास्त कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल चढं आढळलं. इतर देशांत ते तितकं स्पष्ट दिसेना. फरक कॉफी बनवण्याच्या पद्धतीत होता. तिकडे जाडसर पूड पाण्यात उकळून, गाळ खाली बसला की वरची कॉफी ओतून घ्यायची रीत होती. पुढे नेदरलँड्सच्या संशोधकांनी दोषी शोधला: कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल. कागदी फिल्टर ते अडवतो. हा फिल्टर ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने 1908 मध्ये मुलाच्या वहीतल्या टीपकागदापासून बनवला होता, तोही कप स्वच्छ यावा म्हणून. कोलेस्टेरॉल तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

गेल्या काही वर्षांत वारं उलट फिरलंय. 2012 मध्ये अमेरिकेतल्या चार लाखांवर लोकांच्या अभ्यासात, धूम्रपान वजा केल्यावर, कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण थोडं कमीच निघालं. 2017 मध्ये युरोपातल्या दहा देशांच्या पाहणीतही तसंच. मला यातही हात राखूनच बोलावंसं वाटतं. ज्याची तब्येत बिघडते तो कॉफी सोडतो, पीत राहतो तो मुळातच धडधाकट. 1981 ची चूक उलट्या बाजूनेही होऊ शकते.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफिन चालेल असं सांगितलं, गरोदर बाईला 200. फिल्टर कॉफीच्या मोठ्या कपात साधारण 90 असतं. मराठी घरातली कॉफी, म्हणजे कपभर दुधात चमचाभर झटपट पावडर, साखर आणि वर किसलेलं जायफळ, या हिशेबात सौम्यच. झटपट पावडरीत कॅफेस्टॉलही नावालाच. पूड उकळून चहाच्या गाळणीतून गाळणाऱ्यांकडे मात्र ते कपात उतरतं, ती जाळी तेल अडवत नाही. आणि जायफळाने झोप येते या भरवशावर रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन पहाटे तीनलाही रक्तात फिरत असतं.