खरजेच्या दूषित औषधांमुळे होणारा त्रास

खरजेवर लावायच्या किंवा घ्यायच्या औषधात जे असायला नको ते मिसळलेलं असतं, म्हणजे जंतू, न सांगता घातलेलं स्टेरॉइड, पारा, कधी शेतीत फवारायचं कीटकनाशक, आणि त्याने रुग्णाला जो अपाय होतो तो हा त्रास.

खरूज होते सार्कोप्टिस स्कॅबिआय नावाच्या किड्यामुळे, मादी अर्धा मिलीमीटरसुद्धा नसते पण कातडीत बीळ करून अंडी घालते. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला 4 ते 6 आठवडे जातात, म्हणून चवथीला सगळं घर एकत्र येतं, पोरं एकाच अंथरुणात झोपतात आणि खाजवणं सुरू होतं ते दसरा-दिवाळीच्या आसपास, तोवर कुठून आलं ते कुणाला आठवतही नाही. नेहमीचा इलाज म्हणजे 5 टक्के पर्मेथ्रिन क्रीम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत रात्रभर, 7 ते 14 दिवसांनी परत, किंवा वजनाच्या हिशोबाने आयव्हरमेक्टिनची गोळी. गरोदर बाई आणि तान्ह्या पोरांसाठी गंधकाचं मलम जुनं आणि बऱ्यापैकी सुरक्षित.

आता खरी अडचण अशी की शुद्ध औषधानेही त्रास होतो. पर्मेथ्रिनने चुरचुरतं, बेंझाइल बेंझोएट या खरजेवरच्या दुसऱ्या औषधाने आग होते, आणि किडे मेल्यावरही त्यांचे अवशेष कातडीत राहतात म्हणून खाज 2 ते 4 आठवडे चालूच राहते, लोकांना वाटतं औषध खोटं निघालं आणि ते परत परत लावत बसतात. हे दूषित औषध नव्हे.

दूषित औषधाची खूण वेगळी. पाणी असलेल्या क्रीममध्ये स्यूडोमोनास, बर्खोल्डेरियासारखे जंतू वाढू शकतात आणि खाजवून फाटलेल्या कातडीतून आत शिरतात, मग पू, सूज, ताप. पारा कातडीतून रक्तात जातो आणि किडनी बिघडवतो. पर्मेथ्रिन कीटकनाशक म्हणूनही विकतात, त्या फवारणीच्या पर्मेथ्रिनमध्ये झायलीनसारखे सॉल्व्हंट (औषध विरघळवणारे द्रव) असू शकतात, ते माणसाच्या अंगाला लावायचे नाहीतच, "नाव तेच आहे ना" असं म्हणून कृपा करून लावू नका.

सगळ्यात फसवं मात्र लपवलेलं स्टेरॉइड, कारण ते लावल्यावर बरं वाटतं! दोन दिवसात खाज गायब, लाली गायब, माणूस खूश होऊन शेजाऱ्यालाही तीच डबी देतो, पण किडा जिवंत असतो आणि शरीराची लढायची ताकद तिथे दबल्यामुळे वाढत जातो. एरवी खरजेच्या माणसाच्या अंगावर 10-15 किडे असतात, पापुद्र्यांच्या खरजेत (क्रस्टेड स्कॅबीज, खरजेचा उग्र प्रकार) ते हजारो-लाखो होतात आणि मग घरातला एकही सुटत नाही. लावायचं थांबवलं की सगळं दुप्पट उसळतं, कातडी पातळ होते, जांघेत चट्टे उठतात ते जन्मभर जात नाहीत. लहान पोरांत अंगात शिरलेलं स्टेरॉइड वाढीवरही परिणाम करतं. 2018 मध्ये केंद्राने कातडीवर लावायची 14 स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण लेबलवर नावच नसेल तर गिऱ्हाईक काय वाचणार.

गोव्यात करंजाच्या बियांचं करंजेल तेल अजून पुष्कळ घरांत लावतात. तेलाबद्दल तक्रार नाही, त्यात बाजारातली कसलीतरी पावडर मिसळून देतात तिथे काळजी घ्यावी.

1940 च्या औषध कायद्यात भेसळीचं कलम 17ए आणि बनावटीचं 17बी असं वेगळं आहे. घाणेरड्या जागी भरलेलं औषधही 17ए खाली येतं. संशय आला तर लावणं थांबवून अंग धुवावं, ट्यूब फेकू नये, गोव्यात असाल तर बिलासकट बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे न्यावी, आणि औषधाच्या दुष्परिणामांची नोंद 1800-180-3024 वर रुग्ण स्वतःही करू शकतो, डॉक्टरच लागतो असं नाही. तिथे बॅच नंबर विचारतात, त्यावरूनच त्याच घाण्यातल्या बाकीच्या ट्यूब शोधता येतात. सुट्या डबीत भरून दिलेल्या मलमावर तो नंबरच नसतो.