गर्विष्ठ माणूस आणि कलम २२

सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ सालच्या एका निकालात माणसांची एक यादीच सापडते. कोणाला केवळ स्वभावाकडे किंवा प्रकृतीकडे बोट दाखवून वेडाच्या सबबीवर (आज भारतीय न्याय संहितेचं कलम २२) सुटता येणार नाही, याची ती यादी. विक्षिप्त माणूस, शीघ्रकोपी माणूस, डोकं पुरतं ठिकाणावर नसलेला माणूस, दुखण्यामुळे ज्याच्या भावना आणि इच्छाशक्ती दुबळ्या झाल्या आहेत असा माणूस. यादीत पहिला मान मिळाला आहे तो गर्विष्ठाला.

न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे तेव्हा मानसशास्त्रातला नार्सिसिझम, म्हणजे टोकाचं आत्मप्रेम, असेल असं वाटत नाही. पण आज मुंबईत हा शब्द जिकडेतिकडे ऐकू येतो. बॉस नार्सिसिस्ट, सासू नार्सिसिस्ट, सोसायटीचा सेक्रेटरी तर नक्कीच. रील बघून झालेलं हे निदान घेऊन लोक वकिलाकडे जातात. गंमत अशी की हेच लेबल दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. बायको म्हणते, ‘तो नार्सिसिस्ट आहे, त्याला शिक्षा करा.’ त्याची आई म्हणते, ‘अहो, आजारच आहे त्याला, त्याचा काय दोष?’ कायदा या दोघींनाही फारशी दाद देत नाही, आणि विज्ञान बघितलं तर कायद्याचं बरोबर आहे असंच मला वाटतं.

आधी निदान म्हणजे काय ते पाहू. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेत आलं १९८० साली. आजच्या आवृत्तीत त्याची नऊ लक्षणं आहेत: आपण फार मोठे आहोत ही भावना, अमर्याद यशाची स्वप्नं, सतत कौतुकाची भूक, सगळं आपल्याला मिळायलाच हवं हा हक्क, दुसऱ्याला वापरून घेणं, समोरच्याच्या भावनांची फिकीर नसणं, हेवा, उर्मटपणा वगैरे. नऊपैकी किमान पाच हवीत, तीही तरुणपणापासून टिकून असलेली आणि आयुष्याच्या अनेक अंगांत दिसणारी. ‘मी म्हणेन ती पूर्व दिशा’ म्हणणारा प्रत्येक जण त्यात बसत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी सर्वेक्षणात हे प्रमाण ६.२ टक्के निघालं. इतर पाहण्यांमध्ये ते बरंच कमी, एक टक्क्याच्या आसपास. मोजपट्टी बदलली की आकडा बदलतो, हे अशा आकड्यांबाबत लक्षात ठेवलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२२पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’मध्ये हे स्वतंत्र नावच ठेवलेलं नाही. तिथे व्यक्तिमत्त्व किती बिघडलं आहे त्याची तीव्रता आधी ठरवतात आणि मग स्वभावाचे कल नोंदवतात.

शिवाय सगळे नार्सिसिस्ट छाती काढून चालत नाहीत. पॉल विंक यांनी १९९१ साली दाखवून दिलं की याला दोन तोंडं आहेत. एक बढाईखोर, तर दुसरं हळवं, लाजरं, लगेच दुखावणारं, आणि आतून ‘माझी कोणालाच किंमत नाही’ म्हणून धुमसणारं. हे दुसरं रूप आपल्या घराघरांत जास्त असेल अशी मला शंका आहे, कारण ते सोशिकपणासारखं दिसतं.

हे येतं कुठून? १९७०च्या दशकात यावर दोन मोठे विचारवंत भांडले, दोघेही जन्माने व्हिएन्नाचे. हाइन्झ कोहुट म्हणाले की लहानपणी मुलाला आईबापांच्या डोळ्यांत स्वतःचं कौतुक दिसलं नाही, तर त्याची ती भूक तशीच राहते. ऑटो कर्नबर्ग म्हणाले की थंड, आतून कठोर पालकांच्या हाताखाली मुलात राग आणि हेवा साचतो, आणि मोठेपणाचा आव हे त्यावरचं झाकण असतं. दोघांचा आधार मुख्यतः उपचारासाठी आलेल्या मोठ्या माणसांच्या आठवणी. मुलं वाढत असताना कोणी पाहिलं नव्हतं.

ते पाहिलं एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी, नेदरलँड्समध्ये. ७ ते १२ वर्षांची ५६५ मुलं आणि त्यांचे पालक यांना दर सहा महिन्यांनी, एकूण चार वेळा प्रश्न विचारले. २०१५ साली आलेला निष्कर्ष कर्नबर्गना आवडला नसता. ‘आमचं मूल इतरांपेक्षा खास आहे’ असं मानणाऱ्या पालकांच्या मुलांमध्ये पुढे नार्सिसिझम वाढताना दिसला. मायेची ऊब देणाऱ्या पालकांच्या मुलांमध्ये वाढला तो आत्मसन्मान. त्याच गटाने आणखी एक खोडकर प्रयोग केला: तुमच्या मुलाला अमुक गोष्ट माहीत आहे का, असं विचारताना काही अस्तित्वातच नसलेली नावं घुसडली. मुलाचं भलतंच कौतुक असलेले पालक ठामपणे म्हणाले, हो, माहीत आहे की! दहावीच्या निकालानंतर आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये जे संवाद होतात, ते आठवून हसू येतं. मूल प्रेमाने बिघडत नाही. ‘तू इतरांहून वरचा’ हे सतत ऐकून शेफारतं.

मात्र हा परिणाम आकाराने छोटाच होता. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचाही वाटा दिसतो, तो किती यावर एकमत नाही. बर्लिनमधल्या संशोधकांना २०१३ साली १७ रुग्णांच्या मेंदूत डावीकडच्या इन्सुला या भागात करडा पदार्थ थोडा कमी आढळला. दुसऱ्याची वेदना जाणवण्याशी या भागाचा संबंध आहे. सतरा जणांवरून फार पुढे जाता येत नाही. आणि तसंही, प्रत्येक वागण्यामागे मेंदू असतोच. स्कॅनमध्ये काही दिसलं म्हणून जबाबदारी पुसली जात नाही.

जबाबदारीच्या प्रश्नाला थेट भिडणारे प्रयोग वेगळे आहेत. ब्रॅड बुशमन आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९८ साली विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले. काहींना शेरा मिळाला की आजवर वाचलेल्या सर्वात वाईट निबंधांपैकी हा एक आहे. मग एका खेळात समोरच्याच्या कानात कर्कश आवाज सोडण्याची मुभा दिली. नार्सिसिझमचे गुण जास्त असलेल्यांनी अपमान करणाऱ्याला सगळ्यात मोठा दणका दिला. पण ज्याने अपमान केला नव्हता अशा तिसऱ्याच माणसावर तो राग निघाला नाही. म्हणजे हा अंधळा स्फोट नाही. त्याला पत्ता असतो.

दुसरं असं की या लोकांना समोरच्याच्या मनातलं कळत नाही, हा समज चुकीचा आहे. बर्लिनच्याच गटाने २०११ साली दाखवलं की नार्सिसिस्टिक रुग्णांना दुसऱ्याला काय वाटतंय ते ओळखता बऱ्यापैकी येतं. ते त्यांच्या काळजाला भिडत मात्र नाही. आणि २०१४ साली एरिका हेपर यांच्या अभ्यासात, ‘या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा’ असं मुद्दाम सांगितल्यावर, छळ सोसलेल्या स्त्रीची कहाणी पाहताना अशा लोकांनाही इतरांइतकीच सहानुभूती वाटली; वेगळ्या प्रयोगात, प्रेमसंबंध तुटल्याची कहाणी ऐकताना, त्यांच्या हृदयाचे ठोकेही इतरांसारखे वाढले. जमतं, पण आपणहून करत नाहीत. (हे सहभागी सामान्य लोक होते, निदान झालेले रुग्ण नव्हते, एवढी सावधगिरी बाळगायला हवी.)

आता कायदा. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ८४ हे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत कलम २२ झालं. त्याचं मूळ १८४३ सालच्या लंडनमध्ये आहे. डॅनियल मॅकनॉटन या माणसाने भ्रमाच्या भरात पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घातली आणि वेडाच्या कारणावरून तो निर्दोष ठरला. गदारोळ झाला, तेव्हा न्यायाधीशांनी नियम घालून दिले. आपल्याकडची कसोटी तीच: मन इतकं बिघडलेलं होतं का, की आपण काय करतोय, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे त्या क्षणी कळूच शकलं नाही? कसोटी कळण्याची आहे. आवरण्याची नाही, वाटण्याची तर नाहीच. हे सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो, जरी त्याला वाजवी शंकेपलीकडचा पुरावा द्यावा लागत नसला तरी.

२००२ साली आपल्या महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या खुनातून याच बचावावर मुक्त केलं. त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया (संशय आणि भ्रमांचा गंभीर मनोविकार) होता आणि घटनेच्या आधी-नंतर उपचारांच्या नोंदी होत्या. गर्विष्ठ माणूस या दारातून आत जात नाही. घटनेआधी काय केलं, नंतर पुरावा लपवला का, पळ काढला का, हे न्यायालय बघतं. साहेबासमोर गोड आणि बायकोसमोर राक्षस असणाऱ्याला कुठे आवरायचं ते कळत असतं.

‘पण तिने माझा अपमान केला, माझा तोल गेला.’ यावर उत्तर मुंबईनेच देऊन ठेवलं आहे. नौदल अधिकारी कावस नानावटी यांचा खटला, १९५९. पत्नीने प्रेमसंबंध कबूल केल्यावर त्यांनी तिला आणि मुलांना धोबी तलावच्या मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग तिचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्या घरी जाऊन त्यांना ठार केलं. नानावटींना असला काही विकार होता असं मी सुचवत नाही. मुद्दा कसोटीचा आहे. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, पण उच्च न्यायालयाने आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. गंभीर आणि अकस्मात चिथावणी आरोपीच्या अहंकारावर मोजायची नाही. त्याच सामाजिक थरातल्या एखाद्या समंजस माणसाचा त्या प्रसंगी तोल गेला असता का, हे बघायचं. शिवाय मध्ये तीनेक तास गेले होते. तेवढ्यात राग निवायला हवा होता.

शिक्षा ठरवताना दार थोडं किलकिलं होतं. फाशीचा प्रश्न असेल तर आरोपीची मानसिक तपासणी आणि पूर्वायुष्य न्यायालयाने पाहिलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं आहे. तिथे बालपणाची कहाणी ऐकली जाते. दोष ठरवताना नाही.

आणि जी सोसते आहे तिचं काय? वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात ‘नवरा नार्सिसिस्ट’ हा मथळा उपयोगी पडत नाही. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे खरं, पण १९८८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आजाराचं नाव पुरेसं नाही; सोबत राहणं अशक्य व्हावं इतकी त्याची तीव्रता दाखवावी लागते. उलट १९९४ सालच्या एका प्रकरणात पत्नीने लेखी जबाबात नवऱ्याला मनोरुग्ण म्हटलं, घराण्यातच वेड असल्याचं लिहिलं, आणि न्यायालयाने तीच क्रूरता मानून नवऱ्याला घटस्फोट दिला. लेबल असं उलटतं.

त्यापेक्षा क्रूरतेचा आधार सरळ आहे, आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा त्याहून सरळ. टोमणे, पाणउतारा, सगळ्यांसमोर हिणवणं, पगार काढून घेणं, घरखर्च अडवणं हे सगळं त्यात हिंसाचार म्हणूनच मोडतं. छळ करणाऱ्याला कुठला विकार आहे हे कोणी विचारत नाही. संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, पैसे, आणि मानसिक त्रासाबद्दल भरपाई (योगायोगाने इथेही कलम २२!) मागता येते. दंडाधिकारी समोरच्याला समुपदेशनाला जायला सांगू शकतात. या विकारावर खास औषध नाही. दीर्घकाळ चालणारे बोलण्याचे उपचारच आहेत, आणि बरेच जण ते अर्ध्यावर सोडतात, म्हणून सुधारणेच्या आशेवर तक्रार लांबवू नये.

अर्जात विशेषणं कमी आणि तारखा जास्त असाव्यात. कोणत्या दिवशी, कोणासमोर, काय शब्द. बँकेचं स्टेटमेंट, डॉक्टरचा कागद. व्हॉट्सॲपचे मेसेज द्यायचे असतील तर नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंट घेऊन भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकिलाच्या मदतीने आधीच तयार करून घ्यावं, आणि मूळ मेसेज ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नये.