एस्ली समर स्कूलमध्ये शिकवायला अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि प्रपोजल नक्की कुठे अडतं

लॉजिक, भाषाशास्त्र किंवा कॉम्प्युटर सायन्समध्ये काम करणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना एस्ली (ESSLLI, म्हणजे European Summer School in Logic, Language and Information) माहीत असते ती विद्यार्थी म्हणून. १९८९ पासून युरोपात दर उन्हाळ्यात भरणारी दोन आठवड्यांची शाळा, दरवर्षी नवं शहर, २०२३ ला ल्युब्लियाना, २०२४ ला ल्युवेन, २०२५ ला बोखुम. पण तिथे शिकवायलाही कोणीही अर्ज करू शकतं, बोलावणं यायची वाट बघायची नसते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांचे अर्ज विषय चांगला असूनही त्याच त्या कारणांनी परत येतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी डेडलाईन. ज्या उन्हाळ्यात शिकवायचंय त्याच्या आदल्या वर्षीच प्रपोजल, म्हणजे कोर्सचा प्रस्ताव, जातं. लोक त्याच वर्षी वसंतात साईट उघडतात, तिथे स्टुडंट सेशनची (विद्यार्थ्यांनी आपले पेपर मांडायचं सत्र) किंवा सवलतीच्या फीची तारीख दिसते आणि तीच आपली समजतात. काही वर्षी तर आधी नुसतं टायटल नोंदवायची वेगळी तारीख असते आणि ती चुकली तर पूर्ण प्रपोजल घेतच नाहीत. कॉल, म्हणजे प्रपोजल्स मागवणारी घोषणा, आला की पहिल्याच दिवशी दोन्ही तारखा कॅलेंडरमध्ये टाका.

आता पीएचडी. शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे प्रपोजलच्या डेडलाईनपर्यंत पीएचडी किंवा समकक्ष पदवी हवी. 'शाळा सुरू होईपर्यंत मिळेल' हे चालत नाही. आपल्याकडे वायवा होतो, पेढे वाटले जातात आणि पदवी दिल्याचं विद्यापीठाचं नोटिफिकेशन महिनोन्‌महिने येत नाही, त्यात त्या विद्यार्थ्याची काहीच चूक नसते, याचा मला खरंच संताप येतो. तुमचं असं मध्येच अडकलं असेल तर डेडलाईनच्या आधीच प्रोग्राम कमिटीला मेल करून वायवाची तारीख सांगा आणि हे धरतील का ते स्पष्ट विचारा. नोटिफिकेशन किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट हातात आलं की लगेच स्कॅन करून ठेवा, पदवीदान समारंभाची वाट बघत बसू नका. पीएचडी चालू असेल तर 'गाईड आणि मी मिळून शिकवू' हाही मार्ग बंद आहे कारण अट दोघांनाही लागते, तुमच्यासाठी स्टुडंट सेशन आहे, तिथे पेपर पाठवा. आणि नावं जास्तीत जास्त दोनच. मान म्हणून विभागप्रमुखांचं तिसरं नाव घालू नका.

कोर्सचा साचा ठरलेला आहे: एक आठवडा, सोमवार ते शुक्रवार, रोज ९० मिनिटं. दोन आठवडे शिकवायचं असेल तर दोन स्वतंत्र प्रपोजल्स. क्षेत्रं तीन, भाषा आणि लॉजिक, भाषा आणि कॉम्प्युटेशन, लॉजिक आणि कॉम्प्युटेशन.

खरी गडबड होते ती कोर्सच्या पातळीत. फाउंडेशनल म्हणजे त्या विषयाचा गंधही नसलेल्यांसाठी, इंट्रोडक्टरी म्हणजे एखाद्या संशोधनक्षेत्राची ओळख, आणि ॲडव्हान्स्ड म्हणजे त्यातच खोल जाणाऱ्यांसाठी, तिथे आधी काय यायला हवं ते लिहावं लागतं. ओळखीतल्या एकांनी पाणिनीवर फाउंडेशनल कोर्स मांडला होता, माणूस विषयात अतिशय पक्का, पण वर्णनात पहिल्याच परिच्छेदात अनुवृत्ती, असिद्धत्व, परिभाषा, सगळं न उलगडता. समोर बसणार असतो संस्कृतचं अक्षरही न येणारा लॉजिकचा विद्यार्थी. त्याला आधी हे सांगा की पाणिनीच्या व्याकरणात सुमारे ४,००० सूत्रं, म्हणजे छोटे नियम, आहेत, वरच्या सूत्रातला शब्द खालच्या सूत्रांत न लिहिता लागू होतो, आणि दोन नियम एकाच जागी लागू व्हायला लागले तर कुठला जिंकतो हा प्रश्न येतोच. एवढं कळलं की तो स्वतःच पुढचं विचारायला लागतो! दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याला यातून काय मिळेल हे प्रपोजलमध्ये सांगायचंच असतं, आणि आपले लोक तिथे दोन ओळींत उरकतात.

प्रपोजलमध्ये बाकी लागतं ते १५० शब्दांपर्यंतचा सारांश, दोनेक पानांचं वर्णन, पाच दिवसांची रूपरेषा, संदर्भयादी आणि शिकवण्याचा अनुभव. रूपरेषेत पाचही दिवस वेगवेगळे लिहा, आणि कॉन्फरन्स पेपरचा ॲबस्ट्रॅक्ट तसाच चिकटवू नका, तो वाचताक्षणी ओळखू येतो.

पैशाचं आधीच घरी बोलून घ्या. मानधन नाही. रजिस्ट्रेशन फी माफ, प्रवास आणि राहण्याचा खर्च एका मर्यादेपर्यंत परत मिळतो, पण ती मर्यादा कोर्समागे असते, म्हणजे दोघं असाल तर तीच रक्कम दोघांत. मुंबईहून जाणाऱ्याला ती पुरेलच असं धरू नका, आणि तिकीट आधी स्वतःच्याच खिशातून जातं. बिलं आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.

निवड झाली की आयोजकांकडून निमंत्रणपत्र ताबडतोब मागून घ्या आणि त्यात तुम्ही शिकवायला येताय, कुठल्या तारखांना, कुठला खर्च कोण करणार हे लिहायला सांगा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. कॉलेजात नोकरी असेल तर परदेश प्रवासाच्या एनओसीचा अर्ज त्याच आठवड्यात टाका आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.