काडीपूल स्पर्धेचा संच नेताना: आधी फेविकॉल वाळू द्या

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधायची स्पर्धा लागली की दुकानात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, काड्या किती लागतील? दुसरा स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी: पूल पाच किलोलाच मोडला, काड्या कच्च्या निघाल्या का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दोन टेबलांत ५० सेंमी अंतर असेल तर ८० ते ९० काड्या पुरतात. पूल मात्र ५६ सेंमी तरी लांब हवा, दोन्ही टोकं टेबलावर नीट टेकली पाहिजेत. दुसऱ्या प्रश्नासाठी हे पत्रक काढलं आहे.

मोडलेला पूल हातात घेऊन बघा. बहुतेक वेळा काडी अख्खी असते, सांधा उघडलेला असतो. सांध्याच्या कडेला फेविकॉल पारदर्शक, कडक झालेला दिसतो. आत मधोमध तो पांढरा, दुधासारखा आणि बोटाला चिकटणारा. म्हणजे तो वाळलाच नव्हता. त्या जागी दुप्पट जाड काडी असती तरी पूल तिथेच सुटला असता.

फेविकॉलमध्ये जवळपास अर्धं पाणी असतं. ते लाकडात मुरलं आणि कडेने उडालं की मगच पकड येते. अर्ध्या तासात काड्या जागच्या हलत नाहीत, म्हणून मुलांना वाटतं काम झालं. भार घ्यायला २४ तास लागतात. पावसाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणच्या दमट हवेत, ३६ ते ४८ तास धरा. हेअर ड्रायर लावू नका. कडेला साय धरते, आतलं पाणी आतच अडकतं, वर काड्या वाकतात त्या वेगळ्या. आणि जास्त फेविकॉल म्हणजे जास्त मजबुती, हा समज मुलांच्या डोक्यातून आधी काढा. थर जाड झाला की वाळायला वेळ लागतो आणि वजन वाढतं. पातळ थर लावून चिमट्याने दाबल्यावर कडेला बारीक मण्यांची रेघ आली की पुरे. ती बोटाने पुसून घ्या.

वाळलं की नाही हे ओळखायची खात्रीची युक्ती एकच. ज्या दिवशी पूल चिकटवाल त्याच दिवशी दोन टाकाऊ काड्या तशाच चिकटवून पुलाशेजारी ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या उचकटा. लाकडाचे तंतू ओरबाडून आले तर पूल तयार आहे. काड्या स्वच्छ सुटल्या तर अजून एक दिवस थांबा.

म्हणूनच स्पर्धेला पाच दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर आम्ही संच देत नाही. काही पालक यावर रागावतात. पण पहिला दिवस दोन बाजू चिकटवण्यात जातो, दुसरा वाळवण्यात, तिसऱ्या दिवशी आडव्या काड्यांनी बाजू जोडायच्या, चौथा पुन्हा वाळवण्याचा, पाचव्या दिवशी वजन आणि तपासणी. ओल्या बाजू उभ्या करून जोडल्या की त्या सरकतात, पूल पिळतो, आणि भार टाकल्यावर एका अंगाला कलंडतो. मुलाची मेहनत अशी वाया जाताना बघण्यापेक्षा एक गिऱ्हाईक परत गेलेलं आम्हाला चालतं.

बांधणीबद्दल थोडं. पुलाचं चित्र पूर्ण मापात काढा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी कापून अंथरा आणि काड्या त्यावरच चिकटवा; चिकटलेली बाजू अलगद सुटते. वरच्या आणि खालच्या पट्टीत काड्या दोन थरांत लावा, विटांसारखे सांधे चुकवून. एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या काडीच्या मध्यावर यायला हवा. वरची पट्टी दाबली जाते आणि बाजूला फुगून मोडते. दाबाखालच्या काडीची मोकळी लांबी निम्मी केली तर ती वाकायला चौपट जोर लागतो, म्हणून वरच्या दोन पट्ट्यांमध्ये आडव्या काड्या आणि फुल्या नक्की द्या. त्या वगळल्या म्हणून हरलेले पूल आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. बाजू जोडताना वरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे.

त्रिकोणांची रचना कोणती घ्यावी? सुरुवातीला वॉरन, म्हणजे सारख्या त्रिकोणांची रांग. १८४८ सालच्या पेटंटची ही रचना एकाच लांबीच्या काड्यांना बरोबर बसते. प्रॅट रचनेत उभ्या काड्या दाब घेतात आणि तिरप्या ताण. तीही चांगली, पण काड्या कापाव्या लागतात.

गुण बहुधा भार भागिले पुलाचं वजन असे देतात. १५० ग्रॅमच्या पुलाने ३० किलो पेलले तर २००. ३०० ग्रॅमच्या पुलाने ४५ किलो पेलले तरी १५०च. वजन पूर्ण वाळल्यावरच करा, ओला पूल काही ग्रॅम जास्त भरतो.

आमच्या १०० काड्यांच्या पाकिटात ११० भरलेल्या असतात, कारण वाकड्या आणि पिळलेल्या बाजूला काढाव्याच लागतात. काडी काचेवर ठेवा. डुलली तर ती आडव्या जोडणीला वापरा, वरच्या पट्टीला नको. संचात २४ चिमटे आहेत, ते कमी वाटले तर घरचे कपड्यांचे चालतात. जमलं तर दोन पुलांचा संच घ्या, एक मोडून बघायला आणि एक स्पर्धेला. स्पर्धेच्या पुलावर घरी अपेक्षित भाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त टाकू नका. बादलीत पाणी हळूहळू ओता, एक लिटर म्हणजे एक किलो.

दर शनिवारी संध्याकाळी दुकानात चाचणीची चौकट मांडलेली असते. पूल कुठूनही घेतलेला असो, तपासून देतो, पैसे नाहीत. येताना शाळेची नियमपत्रिका आणा. काही ठिकाणी काड्यांची संख्या ठरलेली असते, काही ठिकाणी ग्लू गन चालत नाही, आणि ते बघितल्याशिवाय आम्ही संच बांधत नाही.